पाळण्याच्या दोन दांड्या

मी इथे ग्रुपवर वर्षभर नुसती वाचते. कुणाला जिन्यात बाई दिसली, कुणाच्या मागे कोण चालत आलं… वाचायचं आणि मनात म्हणायचं, जेवण जड झालं असेल. खोटं कशाला बोलू. आमच्या गेटसमोर अमावस्येला कुणी उतारा टाकला, तर त्यातला नारळ मी उचलून आणते आणि चटणी करते. नारळाचे भाव बघा जरा. सांगायचा मुद्दा, मी देवभोळी नाही आणि घाबरट तर त्याहून नाही. तरी आज लिहायला बसलेय. सुनेनं, प्राचीनं, मोबाइलवर मराठी कीबोर्ड टाकून दिलाय. चुका सांभाळून घ्या.

आमचं घर तळवड्यात, आयटी पार्कच्या मागच्या अंगाला. सासऱ्यांची शेती होती, बरीचशी गेली. उरलेल्या चार गुंठ्यांत आमच्या मालकांनी दहा खोल्या बांधल्या. खाली पाच, वर पाच, मधे बोळ आणि बोळाच्या तोंडाशी पाण्याची टाकी. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा चाकणला कंपनीत, त्याच्या शिफ्टा संपत नाहीत, म्हणून भाड्याचा कारभार माझ्याकडे. मालक सांगून गेले होते, "भीड भिकेची बहीण. भाड्याला गेलीस की कुणाच्या घरी चहा प्यायचा न्हाई." ते मी अक्षरशः पाळलं. नऊ वर्षांत एकाही भाडेकरूच्या दारात चहाचा घोट घेतला नाही.

खालच्या मजल्यावरची शेवटची खोली, पाच नंबर. तिथं माणिकराव आणि सुमनबाई राहायचे. अहमदपूरकडची माणसं. मूलबाळ नाही. सुमनबाई चार घरची धुणीभांडी करायच्या. माणिकराव सुतार. चाकणजवळ एका शेडमध्ये पॅकिंगच्या पेट्या बनवायचे — मशीनचे भाग बाहेरच्या देशात जातात, त्यांना लागतात त्या लाकडी पेट्या. चार वर्षं त्यांचं भाडं कधी पाच तारखेच्या पुढं गेलं नाही. मग एका सोमवारी शेडच्या मालकानं शटर उघडलंच नाही. फोन बंद, पगार बुडाले. साठीच्या सुताराला दुसरीकडे कोण ठेवून घेणार? माणिकराव रोज सकाळी मजूर अड्ड्यावर जाऊन उभे राहायला लागले. कधी काम मिळायचं, बहुतेकदा नाही.

पहिले दोन महिने मी बोलले नाही. तिसऱ्या महिन्यात दारात उभी राहिले. ते म्हणाले, "काम बघूलालाव, आक्का. लागलं की पहिलं तुमचं." त्यांच्या भागात असंच बोलतात, बघतोय म्हणायचं असतं त्यांना. प्रत्येक महिन्याला तेच वाक्य. सहाव्या महिन्यात मी वकील गाठला. करार संपलेलाच होता. आधी नोटीस गेली, मग थकलेलं भाडं आणि खोलीचा ताबा, दोन्हीसाठी केस टाकली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी दर तारखेला रिक्षा करून चढले. माणिकराव बसनं यायचे. त्यांच्याकडे वकील नव्हता. बाकावर माझ्याच शेजारी बसायचे, जसं काही आम्ही दोघं मिळून तिसऱ्या कुणावर केस टाकलीय. पाण्याची बाटली पुढं करायचे. "ऊन लई हाय, आक्का. घ्या घोटभर." मी मान फिरवायची. घेतलं असतं तर माझं काय गेलं असतं, हे आता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

एप्रिल लागला होता. प्राचीला आठवा महिना. मी दुपारी गच्चीवर कुरडया उलथत होते, तेव्हा माणिकराव खाली येऊन उभे राहिले. "आक्का, जरा खोलीकडं येता का?" मला वाटलं पैसे आले. हात पुसून खाली गेले.

खोलीच्या मधोमध पाळणा होता.

पायांवर उभा राहणारा, दोन्ही बाजूंना उभ्या दांड्यांचा. पेट्यांच्याच उरलेल्या लाकडाचा, पण असा घासलेला की हात लावला तर कुसळ लागायचं नाही. खालच्या फळीवर कंपनीचा जाळून मारलेला शिक्का अर्धा दिसत होता. एका बाजूला अकरा दांड्या होत्या. दुसऱ्या बाजूला नऊ, आणि मधे दोन दांड्यांची जागा रिकामी.

"दोन राहिल्यात, उद्या बसवतो," माणिकराव म्हणाले. "सूनबाईसाठी केलाय. बाजारात असा घ्याय गेलं तर लई पैसे पडतात, आक्का. तुम्ही भाड्यात धरा. सगळ्या भाड्यात न्हाई, तुमाला पटंल तेवढ्यात धरा."

सुमनबाई कामावर गेल्या होत्या. खोलीत आम्ही दोघंच. मी काय बोलले ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, दोनदा सोडून. ते पुढं येईलच. आता लिहितेच.

मी म्हणाले, "पेट्याच्या लाकडात झोपवू व्हय माझं नातवंड? आन् ज्या घरात कधी पाळणा हालला न्हाई, त्या घरचा पाळणा मी माझ्या घरात नेऊ?"

माझी जीभ तिखट आहे, सगळी आळी म्हणते. पण त्या दिवशी मी तिखट नव्हते, मी नीच होते. माणिकरावांनी माझ्याकडे बघितलं नाही. कॉटवरची जुनी चादर घेतली, पाळण्यावर टाकली, चारी कोपरे सारखे केले. मग म्हणाले, "बरं, आक्का." एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी दळणाला गेले असताना ते प्राचीच्या हातात चार हजार रुपये देऊन गेले. नंतर कळलं, सगळी हत्यारं विकली होती. रंधा, करवती, पटाशा, सगळं. मी ते पैसे मोजून घेतले आणि वकिलाला फोन करून विचारलं, घेतले तर केसला काही बाधा येते का.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी मजूर अड्ड्यावर उभे असताना माणिकराव खाली बसले आणि मग आडवे झाले. लोकांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथं पोचेपर्यंत संपलं होतं.

दुपारी सगळं आटोपून माणसं परत आली. गावी न्यायची ऐपत नव्हती, इथंच उरकलं. सुमनबाईंनी खोलीच्या कोपऱ्यात दिवा लावला. आपल्यात माणूस गेलं की दहा दिवस दिवा ठेवतात ना, तो. आणि मी… आता खोल्या भाड्यानं देणाऱ्यांना माहीत आहे, ज्या खोलीत असा दिवा जळतो ती खोली पुढं लवकर जात नाही. लोक चौकशी करतात. तर मी सुमनबाईंच्या भावाला, लिंबाजीला, बाजूला घेतलं. तो चिखलीत राहतो. म्हणाले, "दिवा तुमच्या घरी ठेवा. बाईंनाही माणसांत बरं वाटंल."

मला वाटलं सुमनबाई रडतील, भांडतील. त्यांनी दिवा ताटात ठेवला, वारा लागू नये म्हणून पदर आडवा धरला आणि तशाच बोळातून चालत रिक्षापर्यंत गेल्या. रिक्षात बसल्यावर किल्ली माझ्या हातात दिली. "सामान हाय, आक्का. दहावं झालं की नेते."

रिक्षा वळली आणि मी खोली उघडली. वकिलांनी कधीचं सांगून ठेवलं होतं, सामानाचे फोटो काढून ठेवा, ताबा घेताना उद्या कुणी म्हणायला नको टीव्ही होता नि फ्रीज होता. मी एकेक फोटो काढला. कॉट. शेगडी. पत्र्याची पेटी. चादर वर करून पाळण्याचाही काढला, दोन दांड्यांची रिकामी जागा समोर येईल असा. चादर पुन्हा टाकली, त्यांचं कुलूप लावलं आणि वर माझं एक लावलं. दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला. मागच्या खिडकीला लोखंडी जाळी आहे, ती मालकांनीच बसवून घेतली होती. हे सगळं एवढं खोलात का सांगतेय ते कळेल.

दहावं आळंदीला होतं. मी का गेले? बायका नावं ठेवतील म्हणून, आणि दुसरं, खोली कोणत्या तारखेला रिकामी होणार ते तिथंच विचारून घ्यावं म्हणून. खरं ते हेच. आमच्याकडे गावकऱ्यांचं दहावं म्हणजे मांडव, माइक, पुढाऱ्यांची भाषणं, गाड्या लावायला जागा नसते. माणिकरावांच्या दहाव्याला आम्ही नऊ जण होतो. लिंबाजीच विधीला बसला.

गुरुजींनी पिंड कट्ट्यावर ठेवला. शेजारी द्रोणात कांदाभजी, कागदी कपात चहा. आम्ही मागं सरकून हात जोडून उभे राहिलो. नऊ वाजले असतील. भिंतीवर सहा-सात कावळे बसलेले. पलीकडच्या लोकांचा पिंड ठेवल्या ठेवल्या शिवला, ती माणसं आवरून गेलीसुद्धा. आमच्याकडे एक कावळा येईना.

लिंबाजी पुढं झाला. "भावजी, ताईला मी सांभाळतो. काळजी करू नका." काही नाही. सुमनबाई म्हणाल्या, "माझी कमाई हाय मला. तुमी जावा निवांत." वरच्या खोलीतला भाडेकरू जाऊन विडी ठेवून आला, माणिकरावांना आवडायची म्हणून. अर्धा तास गेला, मग आणखी अर्धा. ऊन चढलं. गुरुजींना पुढचं काम होतं. त्यांनी विचारलं, "काही मागं राहिलंय का? कुणाचं देणंघेणं?"

आठही जणांनी माझ्याकडे बघितलं.

मी पुढं गेले. खरं सांगू का, त्या क्षणी मला माझंच कौतुक वाटत होतं. म्हणाले, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माणिकराव, भाडं सगळं माफ केलं. केस मागं घेते. जावा सुखानं."

एक कावळा भिंतीवरून उतरला. कट्ट्यावर आला, दोन पावलं पिंडाकडे चालला. थांबला. मग पाठ फिरवून परत भिंतीवर जाऊन बसला. मागं कुणीतरी सुस्कारा टाकला. गुरुजी म्हणाले, "दर्भाचा कावळा करू या, शास्त्राला मान्य आहे ते," आणि पिशवीत हात घातला.

आणि मला कळलं. कसं कळलं विचारू नका. माझ्याच्यानं सांगता येणार नाही. चादरीचे कोपरे सारखे करणारे ते हात डोळ्यांपुढे आले. त्या माणसाला माफी नको होती. माफी मागायला तो माझ्याकडे आलाच नव्हता, भाडं घेऊन आला होता.

पण मयताच्या घरचा पाळणा… प्राचीला नववा लागत होता. पोटातल्या जिवासाठी दहाव्याच्या घाटावर उभं राहून मेलेल्या माणसाचा पाळणा कबूल करायचा? उताऱ्याचा नारळ खाणारी मी, पण आता मला भीती वाटायला लागली. बाळाला काही झालं तर मुलगा मला काय म्हणेल, प्राची काय म्हणेल. आणि पाळणा घ्यायचा तर मी काय बोलले होते तेही सांगावं लागणार होतं. सुमनबाई हातभर अंतरावर उभ्या होत्या.

गुरुजींनी दर्भ हातात घेतला होता. मी म्हटलं, "थांबा."

"माणिकराव," मी म्हणाले, "तुमच्या घरात पाळणा हालला न्हाई, असं मी बोलले तुमाला. तुमच्या तोंडावर बोलले. माझं चुकलं. पाळणा मी नेते. माझं नातवंड त्यातच झोपंल. भाडं पोचलं मला, माणिकराव. सगळं पोचलं."

मी मागं सरकायच्या आत पंखांचा वारा लागला. कावळ्यानं पिंडाला चोच मारली, एकदा, मग दुसऱ्यांदा. मग पाच-सहा एकदम उतरले. सगळ्यांनी हात जोडले. मी सुमनबाईंकडे बघितलं. त्या नदीकडे बघत होत्या.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, कावळाच तो, भूक लागली की येणार. मीही तसंच म्हणाले असते. म्हणून पुढचं ऐका.

घाटावरून सुमनबाई, लिंबाजी आणि मी एकाच रिक्षात आलो. मी माझं कुलूप काढलं, मग त्यांचं. दहा दिवस बंद असलेली खोली, कुबट वास यायला हवा होता. आला तो नव्या लाकडाचा. चादर मी टाकली होती तशीच होती. सुमनबाईंनी ती काढली.

पाळणा पुरा होता.

मी मोजल्या. अकरा आणि अकरा. पुन्हा मोजल्या. त्या दोन दांड्या कोणत्या हे सांगावं लागत नव्हतं. बाकीच्या थोड्या पिवळ्या पडल्या होत्या, या दोन गोऱ्या होत्या. लिंबाजीनं धरून हलवल्या, हलल्या नाहीत. खाली फरशीवर रंध्याचा चिमूटभर कुरळा भुसा पडला होता.

सुमनबाई म्हणाल्या, "तुमी बसवून घेतल्या, आक्का?"

"मी न्हाई. तुमीच कुणाला…"

"किल्ली तुमच्याकडं," त्या म्हणाल्या. "आन् त्यांनी तर हातच लावला न्हाई परत. मी म्हटलं होतं, पुरा करा. तर म्हणले, आता कशाला. रंधाच इकून आले."

मी मोबाइल काढला. फोटो दाखवला. नऊ दांड्या आणि मधली रिकामी जागा, मागे कॉटचा पाय, स्वच्छ दिसत होतं. लिंबाजीनं बघितला, घाम पुसला आणि बाहेर जाऊन बसला. सुमनबाईंनी मोबाइल हातात घेतला. खूप वेळ बघत राहिल्या. मग विचारलं, "हा फोटो कधी काढला, आक्का?"

मला वाटलं होतं त्या दांड्यांबद्दल विचारतील.

"त्याच दिवशी," मी म्हणाले. "तुमी दिवा घेऊन गेलात, तवा."

त्यांनी मान हलवली आणि मोबाइल परत दिला. मला त्या वेळी रडू आलं ते भीतीनं नाही. जी एक गोष्ट माझ्याकडे पुरावा म्हणून आहे, तीच दाखवायची मला लाज वाटते. आजही वाटते.

पाळणा मी नेला. प्राचीला सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. म्हटलं, तुला नको असेल तर माळ्यावर ठेवू. ती लाकडावरून हात फिरवत म्हणाली, "आई, एवढं कुणी बाहेरचं करतं का आपल्यासाठी? राहू दे." मे महिन्यात नात झाली. ठणठणीत. बारशाला तिला पाळण्यात पहिल्यांदा सुमनबाईंनी घातलं. बायका कुजबुजल्या, विधवा, त्यातून पोटी मूल नाही. मी त्यातल्या एकीकडे नुसतं बघितलं, मग सगळ्या गप्प.

केस काढून घेतली. वकील म्हणाला, "काकू, कारण काय दाखवू?" म्हटलं, थकबाकी मिळाली. "कशी मिळाली? रोख की ऑनलाइन?" मी म्हटलं, "मिळाली म्हणते ना मी. तुम्ही लिवा."

सुमनबाई अजून पाच नंबरलाच आहेत. भाडं त्यांना परवडेल तेवढं ठरवलंय, ते पाच तारखेच्या आत येतं. भाड्याला गेले की मी चहा पिते. त्या करतात, मी पिते. घाटावर मी जे बोलले त्याबद्दल त्यांनी आजवर एक शब्द विचारलेला नाही. विचारावं असं मला वाटतं, पण ते काही मी सांगायचं नसतं.

मुलगा म्हणतो, कुणीतरी आत शिरला असणार. मी म्हणते, कसा शिरला, दोन कुलपांतून की जाळीतून, आणि दांड्या बसवायला कशाला शिरेल? ओळखीच्या सुताराला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, "पाळणा जोडून झाल्यावर मधल्या दांड्या अशा बसत नाहीत, वरची पट्टी काढावी लागते. आणि पट्टी कुणी काढलेली दिसत नाही." मला यातलं काही कळत नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर सांगा, मी ऐकून घेईन.

फोटो अजून मोबाइलमध्ये आहे. जागा भरली की प्राची म्हणते जुने फोटो उडवा, मी तो उडवत नाही. नात आता दहा महिन्यांची झाली. चालत नाही अजून, पण पाळण्यात धरून उभी राहते. त्या बाजूला अकरा दांड्या आहेत. ती दर वेळी त्याच दोन धरते.